गरम कुंडाकाठचा मुक्काम कसा निवडावा

साखरखेर्ड्याहून गरम पाण्याच्या कुंडावर जायचे ठरले की घरात दोन पक्ष पडतात. एकाचे म्हणणे, पहाटे गाडी काढू, दुपारी आंघोळ उरकू, रात्री घरी येऊन पडू. दुसऱ्याचे म्हणणे, एवढे लांब जातोच आहोत तर एक रात्र राहू. वाद बहुतेक वेळा खोलीच्या भाड्यावर येऊन संपतो आणि पहिला पक्ष जिंकतो. हा वाद भाड्यावर नव्हे, पाण्यावर तोडायला हवा. पाण्याचा हिशेब मांडला तर दुसऱ्या पक्षाची बाजू खरी ठरते, पण त्याने दिलेल्या कारणासाठी नव्हे.

जपानात याच निवडीवर अख्खा व्यवसाय उभा आहे. तिथल्या डोंगराळ खेड्यांत गरम झऱ्यावरच बांधलेले उतारूघर असते, त्याला ऱ्योकान म्हणतात. यामानाशी प्रांतातले केइउनकान हे असे घर ७०५ साली सुरू झाले. जगातले सर्वांत जुने हॉटेल म्हणून २०११ मध्ये गिनेसने त्याची नोंद केली. आपल्याकडे झरे आहेत, खेडी आहेत, येणारी माणसेही आहेत; मात्र पाणी आणि मुक्काम एकाच हाताने सांभाळणारे असे घर जवळपास नाही. कुंड देवस्थानाचे, खोली दुसऱ्याची, जेवण तिसऱ्याचे. जपानी माणूस एकच वस्तू निवडतो. आपल्याला दोन निवडाव्या लागतात आणि दोहोंच्या कसोट्या निराळ्या ठेवाव्या लागतात. खोली चांगली मिळाली म्हणून पाणी चांगले ठरत नाही. पाणी चांगले आहे म्हणून ढेकणांच्या गादीवर झोपायचेही कारण नाही.

गरम कशाला म्हणावे

जपानने १९४८ साली ओनसेनचा कायदा केला. उगमाशी पाणी २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापलेले असेल, किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात असेल, तर ते ओनसेन. म्हणजे पाणी अंगाला कोमट लागलेच पाहिजे असेही नाही. थंड मुलखासाठी ही व्याख्या ठीक आहे. बुलढाणा जिल्ह्यात ती लावली तर गंमत होते. इथले भूजल वर्षभराच्या सरासरी हवेइतके, म्हणजे साधारण २६-२७ अंशांचे असते. त्या कायद्याने साखरखेर्ड्यातल्या निम्म्याहून अधिक बोअर ओनसेन ठरतील आणि थंडीत शेतावर मोटार सुरू करून पाटाच्या धारेखाली आंघोळ करणारा प्रत्येक गडी जपानी पाहुणा! म्हणून भूशास्त्रज्ञ गरम झरा ठरवताना त्या जागेच्या सरासरी तापमानाशी तुलना करतात. पाणी त्याहून स्पष्टपणे जास्त तापलेले असेल तरच तो उष्ण झरा.

या कसोटीवर आपल्या जवळचा सर्वांत प्रसिद्ध झरा बाद होतो. लोणारच्या सरोवराच्या कडेची गोमुखाची धार बारमाही आहे, तिथे आंघोळीची परंपरा आहे, जागा २०२० पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, आणि तरीही ती धार साध्या भूजलाची आहे. लोणारचे विवर उल्केच्या आघाताने झाले. त्या आघाताची उष्णता केव्हाच निवाली. धारेला जाऊन यावे, जरूर यावे, पण गरम पाण्याच्या आशेने नव्हे.

मग पाणी तापते कुठे? दख्खनचा काळा पत्थर लाव्हाचा, म्हणून खाली अजून काही धगधगत असेल, असे शिकलेली माणसेही सांगतात. तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची ऊब आज कुठल्याही कुंडात पोचलेली नाही. जमिनीत खाली जावे तसे तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. पावसाचे पाणी मोठ्या भेगेतून खोल उतरते, तिथल्या खडकाच्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या वाटेने चटकन वर आले तर ती ऊब बरोबर घेऊन येते. कुंडात ५२ अंशांचे पाणी असेल तर ते निदान एक किलोमीटर खाली जाऊन आलेले असते. वर येताना ते निवतही असते, तेव्हा प्रत्यक्षात त्याहून बरेच खोल. अडचण खोल जाण्याची नसते. तेवढ्या खोलीवरून न रेंगाळता वर यायला सरळ भेग लागते. ती जिथे आहे तिथेच कुंड आहे.

महाराष्ट्राच्या नकाशावर म्हणूनच झरे विखुरलेले नाहीत, रांगेत आहेत. सर्वांत लांब रांग कोकणात, पालघर जिल्ह्यापासून राजापूरपर्यंत सुमारे ३०० किलोमीटर. तीत वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातले उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातली आरवली, तुरळ आणि राजवाडी ही कुंडे येतात. दुसरी रांग सातपुड्याच्या पायथ्याची. चोपडा तालुक्यात अडावदजवळचे उनपदेव, त्याच भागातले सुनपदेव, पश्चिमेला शहादा तालुक्यातले आणखी एक उनपदेव आणि पूर्वेकडे मोर्शी तालुक्यातले सालबर्डी. तिसरा गट पैनगंगेच्या खोऱ्यात, काळ्या पत्थराचा थर पातळ होऊन खालचे जुने खडक वर येतात त्या भागात. त्यातले प्रमुख ठिकाण किनवट तालुक्यातले उनकेश्वर. पैनगंगा उगम पावते आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात. साखरखेर्डे मात्र जाड, सलग पत्थराच्या मधोमध बसलेले आहे. इथे विहीर खोदणारा जे सांगेल त्यात गरम पाणी येत नाही.

गंधकाबद्दल एक खुलासा. प्रत्येक कुंडावर कोणीतरी सांगतोच, की पाणी गंधकाने तापते आणि गंधकाने बरे करते. कोकणातल्या झऱ्यांच्या पाण्यात विरघळलेला मुख्य ऐवज सोडियम, कॅल्शियम आणि क्लोराइड यांचा, म्हणजे मिठाच्या जातीचा आहे. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. तो वायू नावापुरता असला तरी नाक तो पकडते. पाण्याला तापवतो तो खडक, गंधक नव्हे.

पाणी किती वेळात बदलते

निवडीचा गाभा या भागात आहे, आणि कुंडावर गेलेला माणूस नेमके हेच विचारत नाही. पाणी किती गरम, एवढेच तो विचारतो. उन्हवरे सुमारे ७० अंशांचे, महाराष्ट्रातल्या सर्वांत उष्ण झऱ्यांत गणले जाणारे. म्हणून ते आंघोळीला सर्वांत चांगले ठरत नाही. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडे भाजते. माणसाला बसायला ३८ ते ४२ अंशांचे पाणी हवे. झरा त्याहून उष्ण असेल तर तो निववावा लागतो आणि निववण्याच्या रीतीवरच पाण्याची प्रत ठरते.

जपानात कुसात्सु या गावी पाणी फार उष्ण आणि तीव्र आम्ल आहे. तिथे गार पाणी मिसळण्याऐवजी लांब फळ्यांनी ते घुसळून निववण्याची रीत पडली, तिला युमोमी म्हणतात. मिसळले तर झऱ्याचे सत्त्व पातळ होते, हा त्यामागचा विचार. आपल्याकडची रीत वेगळी. उगमाचे पहिले कुंड, त्याचे वाहून आलेले पाणी दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात. प्रत्येक टप्प्यावर पाणी काही अंश निवते. कल्पना साधी आणि उत्तम आहे, वीज नको, माणूस नको. पण तिच्यात एक पेच आहे. तिसऱ्या कुंडातले पाणी अंगाला सोसणारे असते आणि तेच वरच्या दोन कुंडांत न्हालेल्यांच्या अंगावरून आलेले असते. पहिले स्वच्छ पण उतरवत नाही. तिसऱ्यात उतरवते पण ते स्वच्छ नाही. शिवाय पाण्यातले अनेक जंतू २५ ते ४५ अंशांतच वाढतात. आपल्याला सुखाचे वाटते तेच तापमान त्यांनाही मानवते.

हा पेच एका बादलीने आणि घड्याळाने सुटतो. पाणी जिथून पडते त्या गोमुखाखाली १५ लिटरची बादली धरावी. समजा ती १५ सेकंदांत भरली, म्हणजे प्रवाह सेकंदाला एक लिटर. कुंड तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि एक मीटर खोल असेल तर त्यात ९,००० लिटर पाणी आहे. हे सगळे बदलायला ९,००० सेकंद, म्हणजे अडीच तास. पण नवे पाणी जुन्याला ढकलून सरळ बाहेर काढत नाही, त्यात मिसळते. म्हणून अडीच तासांनी जुन्यापैकी ३७ टक्के उरतेच. पाच तासांनी साडेतेरा टक्के, साडेसात तासांनी पाच टक्के. म्हणजे शेवटचा माणूस रात्री साडेनऊला बाहेर पडला असेल, तर पहाटे पाचला कुंडात पंचाण्णव टक्के पाणी रात्रीत आलेले असते. दुपारी दोनला, शे-दीडशे माणसे उतरून गेल्यावर, त्याच कुंडाची काय स्थिती असेल ते सांगायला नको.

झरा रात्रीही झोपत नाही. माणसे झोपतात. कुंडाची सगळी साफसफाई या फरकातून होते, आणि पहाटे तिसरे कुंडही दुपारच्या मानाने बरेच स्वच्छ असते. पेच तिथेच बराचसा सुटतो. कुंडाकाठी मुक्काम करण्याचे खरे कारणही हेच: पहाटेचे पाणी फक्त राहणाऱ्याला मिळते. सकाळी घरून निघून दुपारी पोचणारा रांगेतले पाणी घेतो. मुक्कामाची खोली किती सुंदर, यापेक्षा तिथून पहाटे पाचला पायी कुंडावर जाता येते का, हा प्रश्न आधी विचारावा. कुंडाचे दार उघडते किती वाजता, हे विचारल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नयेत.

हिशेबाला मर्यादा आहेत, त्याही सांगतो. कोपऱ्यातले पाणी हलत नाही, तळाला गाळ बसतो, पायऱ्यांवर शेवाळ धरते. यांना प्रवाह धुऊन काढत नाही. त्यासाठी कुंड उपसून घासावे लागते. म्हणून दुसरा प्रश्न: उपसा शेवटचा कधी झाला? उत्तर देणारा क्षणभर वर बघू लागला तर समजावे. तिसरी गोष्ट विचारायची नाही, बघायची. बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी उभे राहावे. तिथे साबणाचा फेस अडकलेला असेल, शाम्पूच्या फाटक्या पुड्या काठाच्या फटीत कोंबलेल्या असतील, कोणी धुणे आपटत असेल आणि ते पाणी पुन्हा खालच्या कुंडात जात असेल, तर ते कुंड पायापुरते ठेवावे. गोमुखाखाली तांब्याने अंगावर घ्यावे, भागते.

जपानी लोक या बाबतीत उपजत शहाणे आहेत असे समजू नये. त्यांना ठेचा लागल्या. २००२ साली मियाझाकी प्रांतातल्या ह्युगा येथे एका स्नानगृहातून लेजिओनेला जंतूची लागण झाली आणि सात जण दगावले. २००४ साली नागानो प्रांतातल्या शिराहोने या दुधाळ पाण्याच्या गावात पाणी पांढरे दिसावे म्हणून त्यात पावडर मिसळत असल्याचे उघड झाले. देशभर बोभाटा झाला. २००५ पासून प्रत्येक स्नानगृहाला चार गोष्टी लिहून लावाव्या लागतात: पाणी वरून मिसळले का, तापवले का, तेच गाळून फिरवले का, आणि त्यात जंतुनाशक किंवा आणखी काही घातले का. उगमातून येऊन कुंडातून वाहून जाणारे, न फिरवलेले पाणी असेल तर ते लोक अभिमानाने तसे लिहितात. हे चार प्रश्न मराठीतून आपल्याकडच्या रिसॉर्टवाल्यालाही विचारता येतात. ‘नैसर्गिक गरम पाण्याचा तलाव’ अशा पाटीखाली बॉयलरचे पाणी पंपाने फिरते आहे का, ते एवढ्याने कळते. मी यात पाचवा जोडीन: साबण कुठे लावायचा? जपानात तो कुंडाबाहेर बसून लावायचा आणि अंग पुरते धुऊन मगच पाण्यात उतरायचे असते. टॉवेलसुद्धा पाण्यात बुडवत नाहीत. आपल्याकडे कुंडाबाहेर नळ आणि बसायला दगड असेल, एवढ्यानेच निम्मे काम झाले.

शरीराच्या बाजूने

उनपदेव आणि उनकेश्वर या दोन्ही ठिकाणी कथा एकच. शरभंग ऋषींना कुष्ठ झाले, श्रीरामाने बाण मारून गरम पाणी काढले, ऋषी बरे झाले. कथेचा मान कथेपाशी. कुष्ठरोग जंतूने होतो, सरकारी दवाखान्यात त्याची औषधे फुकट मिळतात आणि पुरी घेतली तर तो बरा होतो. कुंडावर महिने काढून औषध लांबवणे, यात हातापायांची संवेदना जाते आणि ती परत येत नाही. गजकर्णाचे त्याहून उलटे. ओल्या कपड्यांत, दुसऱ्याच्या पंचात, दमट जागेत ते पसरते. कुंड त्याला बरे करण्यापेक्षा वाटायला जास्त कामी येते. गरम पाण्याने मिळते ते हे: स्नायू सैलावतात, गुडघ्याचा ताठरपणा काही तास कमी होतो, झोप चांगली लागते. हे थोडे नाही. ऊस तोडून, कापूस वेचून, सोयाबीन सोंगून आखडलेल्या पाठीला याहून काय हवे?

दुसरा मुद्दा बुडीचा. तीर्थात बुडी मारायची, हा आपला संस्कार. गरम, साचत्या गोड्या पाण्यात एक अमीबा वाढू शकतो. तो नाकातून मेंदूत शिरला तर रोगी सहसा वाचत नाही. लागण अत्यंत विरळ, पण केरळात गेल्या काही वर्षांत असे रुग्ण सापडले आहेत. हा रोग पोटातून होत नाही, नाकावाटेच होतो. म्हणून गरम कुंडात डोके पाण्याबाहेर ठेवावे आणि लहान पोरांना नाक धरूनही बुडी मारू देऊ नये. जपानातही डोके बुडवत नाहीत. तिथे ते शिष्टाचारात मोडते, पण फायदा तोच. आजीने पुण्याचा प्रश्न काढला तर नळाचे पाणी डोक्यावर घालावे. गंगा म्हणून घातलेले कुठलेही पाणी चालते, अशी सोय आपल्या धर्मात पूर्वीपासून आहे.

रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रोग्याने पहाटेच्या थंडीतून थेट ४२ अंशांत उतरू नये. आधी पायांवर, मग मांड्यांवर, मग छातीवर तांब्याने घ्यावे. दहा मिनिटांत बाहेर यावे. उठताना काठ धरावा. भरल्या पोटी किंवा पिऊन तर मुळीच नको.

खोली, जेवण आणि गोंदण

ऱ्योकानचे भाडे माणशी असते, खोलीशी नव्हे, आणि त्यात रात्रीचे व सकाळचे जेवण धरलेले असते. चौघे एका खोलीत कोंबून पैसे वाचवायची आपली युक्ती तिथे लागू पडत नाही. वर माणशी थोडा स्नानकर असतो, बहुतेक गावांत १५० येन. दुपारी तीन-चारला पोचायचे, जेवण सहा-सातला, त्यात उशीर झाला तर घरमालकिणीचा चेहरा उतरतो. जेवणानंतर खोलीत जमिनीवर गाद्या घालतात.

विदर्भातल्या शाकाहारी माणसाची खरी अडचण जेवणाची. भाजीचे सूप म्हणून समोर येते त्याचा आधार बहुधा सुकवलेल्या माशाचा काढा असतो. त्याला दाशी म्हणतात, आणि यजमानाच्या हिशेबी तो मांसाहारात येतच नाही. यावर महागड्या घरात जाऊन विनवण्या करण्यापेक्षा एक जुना मार्ग मला अधिक पटतो. ईशान्य जपानात सुगी झाली की शेतकरी तांदूळ आणि मिसो घेऊन झऱ्यावर जायचे, आठवडाभर राहायचे, स्वतः रांधून खायचे. या मुक्कामाला तोजी म्हणतात. यामागाता प्रांतातल्या हिजिओरीसारख्या गावांत ही रीत अजून आहे. अशा घरात सामाईक स्वयंपाकघर असते, भाडे कमी असते. ज्वारीचे पीठ, मुगाची डाळ, तिखट-मीठ आणि ठेच्याची बरणी सामानात असली की प्रश्न मिटला. पुण्या-मुंबईच्या पर्यटन कंपन्या हे दाखवत नाहीत, कारण त्यात त्यांना काही सुटत नाही.

सामाईक स्नानगृहात तिथे कपडे न घालता उतरतात, बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. संकोच असेल तर तासाभरासाठी कुटुंबापुरते घेता येणारे कुंड असलेले घर शोधावे. आणि एक गोष्ट, जी आपल्याकडच्या कोणाच्या ध्यानात येत नाही. बऱ्याच ठिकाणी अंगावर गोंदलेल्याला प्रवेश नसतो. तिथे गोंदण म्हणजे टोळीवाल्यांची खूण. २०१३ मध्ये होक्काइदोत एका माओरी स्त्रीला हनुवटीवरच्या पारंपरिक गोंदणावरून परत पाठवले होते. म्हणजे हातावर तुळस आणि कपाळावर ठिपका गोंदवून घेतलेली आपली आजी तिथे दारात अडू शकते. बुकिंग करतानाच विचारून घ्यावे.

आता आपल्या बाजूचे. मुक्काम कसा सांभाळावा हे आपल्याला येत नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याला शेगावला न्यावे. गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासात चादर स्वच्छ असते, संडास कोरडा असतो, सेवाधारी आवाज न चढवता सांगतो आणि हजारो माणसे रोज येऊनही हे मोडत नाही. तिथे गरम झरा नाही. उनपदेवला झरा आहे, शेगाव नाही. दोन्ही एकत्र कुठेच आलेले नाही, ते कोणी आणलेही नाही. शासनाने कुंडांवर पैसा खर्चला तो बहुतेक फरशी आणि कमानीवर. एखाद्या संस्थानाने कुंडाचा उपसा आणि मुक्काम दोन्ही हाती घेतले तर काय होईल, हे जिल्ह्यातल्या माणसाला वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

साखरखेर्ड्याहून

उनकेश्वर, चोपड्याचे उनपदेव आणि सालबर्डी, तिन्ही इथून लांबच्या पल्ल्याची, थोडे इकडेतिकडे. अंतराने निवड होत नाही, सोबत काय जुळते त्याने होते. उनकेश्वरला जाताना वाटेत माहूर आहे. रेणुकेच्या दर्शनाला आपल्याकडची कितीतरी घरे जातातच, तेव्हा मुक्कामाचा खर्च दोन कामांत वाटला जातो. पण माहूरला राहून उनकेश्वरला सकाळी नऊला पोचणे म्हणजे वर मांडलेला सगळा हिशेब वाया. माहूर करून संध्याकाळी उनकेश्वरला पोचावे, तिथे किंवा अगदी जवळ जागा मिळाली तर रात्र काढावी, नाहीतर किनवटला राहून अंधारातच निघावे.

उनपदेव आणि सुनपदेव यांच्यात उनपदेव उष्ण, म्हणून गुडघेदुखीवाल्याला ओढ तिकडचीच. रान आणि सातपुड्याची सोबत ही तिथली खरी मिळकत. राहायचे तर बहुधा चोपड्याला, आणि पहाटे पाचला चोपड्याहून निघून रानातल्या रस्त्याने जायची तयारी हवी. सालबर्डीला महाशिवरात्रीच्या आसपास जाऊ नये. यात्रा बघायला जायचे असेल तर जावे, आंघोळीला नको.

वज्रेश्वरी पूर्वी आपल्यासाठी विचारातच नव्हती. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत पुरा उघडला आणि हिशेब बदलला. मेहकरला चढायचे आणि भिवंडी तालुक्यात उतरायचे. अंतर चारशे किलोमीटरांच्या पुढे-मागे, पण एका बैठकीचे. वसईच्या मोहिमेआधी चिमाजी अप्पांनी नवस बोलला आणि १७३९ च्या विजयानंतर देवीचे हे किल्ल्यासारखे देऊळ बांधले. खाली अकलोलीला तानसा नदीच्या काठी कुंडे, पलीकडे गणेशपुरीला नित्यानंद स्वामींची १९६१ ची समाधी. या तीन गावांत राहायच्या जागा भरपूर आहेत आणि पायी जाता येईल इतक्या जवळच्याही आहेत. पाणी आणि मुक्काम यांच्यातले अंतर महाराष्ट्रात सर्वांत कमी आहे ते इथे. वाईट गोष्ट अशी, की मुंबईही जवळ आहे. शनिवार-रविवार तिथे पाऊल ठेवू नये. पावसाळ्यात तानसा चढली की नदीलगतची कुंडे तिच्या पोटात जातात.

कोकणाच्या दक्षिणेकडची कुंडे आपल्याला मुद्दाम जाण्यासारखी नाहीत, गणपतीपुळ्याच्या वाटेवर तुरळ किंवा आरवली लागली तर उतरावे. पालीच्या बल्लाळेश्वराला गेलात तर उन्हेरे चार पावलांवर आहे, पालीत राहून पहाटे जाता येते. अष्टविनायक करणाऱ्यांनी हा एक थांबा वाढवायला हरकत नाही.

काळ कोणता? खानदेशात एप्रिल-मे म्हणजे ४४-४५ अंश. तेव्हा गरम कुंडात उतरणाऱ्याला वेडात काढतील. सोयाबीन घरात आले, हरभरा पेरून झाला, तूर अजून उभी आहे, असा मार्गशीर्षातला मंगळवार-बुधवार शोधावा. सोमवार, अमावास्या, पौर्णिमा टाळावी. दोन रात्री काढता आल्या तर एकीपेक्षा बऱ्या: पहिल्या पहाटे माणूस कुंड, पाणी आणि उपसा बघून घेतो, दुसऱ्या पहाटे निवांत बसतो. पैसे एकाच रात्रीचे असतील तर खोलीत कमी करावे, कुंडाजवळच्या जागेत कमी करू नये. आणि बादली घरूनच न्यावी, १५ लिटरची. तिथली फुटकी निघते.